केबलवरचा पोकर आणि नानांचा आवाज

केबलवाल्याची आठवण लोकांना चित्र गेलं की होते. चित्र नीट दिसत असेल तर तुम्ही समोरून गेलात तरी कुणी ओळख देत नाही. मी अठ्ठ्याण्णव साली मारुंजीत केबलचा धंदा सुरू केला आणि दोन हजार दहा साली तो एका मोठ्या कंपनीला देऊन मोकळा झालो. मधल्या काळात मला फोन करून कुणी "आज चित्र छान आहे" असं म्हटल्याचं आठवत नाही.

धंदा मला मानवला, कारण मला एका जागी बूड टेकवता येत नाही. सकाळी खांबावर, दुपारी कुणाच्या तरी पत्र्यावर, संध्याकाळी भुकूमला मेव्हण्याच्या घरी अँप्लिफायर मागायला. गावही तेव्हा माझ्यासारखंच झालं होतं. काल जिथं भाताचं खाचर होतं तिथं आज वाळूचा ढीग दिसायचा आणि चार महिन्यांनी त्या जागेवर भाड्याच्या खोल्या. मी वायर ज्या आंब्याला बांधून आणली तो आंबाच कापलेला असायचा. हिंजवडीकडं जाणारे टेम्पो उंच माल भरून यायचे आणि माझी वायर गळ्यात घालून निघून जायचे. मी मोटरसायकलवर वायरीचं भेंडोळं घेऊन त्यांच्या मागं.

गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची. जळगावकडच्या एक बाई होत्या. त्यांची मालिका लागली की नेमक्या पडद्यावर मुंग्या यायच्या. मी मुद्दाम करतो अशी त्यांची खात्री झाली होती. शेवटी कळलं, समोरचा फॅब्रिकेशनवाला चहा पिऊन त्याच वेळी वेल्डिंगला बसायचा. मी त्याला चहा उशिरा प्यायला लावला. त्यानंतर त्या बाईंचा फोन आला तो थेट दिवाळीत, फराळाला या म्हणून. मुळशीला धरणाकाठी एका रिसॉर्टवर मी डिशची छत्री बसवून दिली, तर तिथल्या पाहुण्यानं मला झापलं. त्याच्या खोलीतून सगळं धरण दिसत होतं, पण टीव्हीवर मॅच दिसत नव्हती.

बाहेरच्या माणसाला हा धंदा समजायला सोपा आहे. गच्चीवर मोठ्या छत्र्या, प्रत्येकीचं तोंड आकाशात वेगळ्या दिशेला. त्यांनी धरलेलं खाली एका खोलीत येतं. आम्ही तिला कंट्रोल रूम म्हणायचो, होती ती चुलत्यांच्या जुन्या गोठ्याची भिंत धरून बांधलेली पत्र्याची खोली. तिथं एकेका चॅनेलला एकेक डबा लागतो, तो ते चॅनेल वायरीवर चढवतो. माझ्याकडं चॅनेलं जास्त आणि डबे कमी. त्यामुळं दिवसभर अदलाबदल करत बसायचं. सकाळी भजनं काढून बातम्या, दुपारी बातम्या काढून मालिका. कुणाला उठवायचं आणि कुणाला बसवायचं, एवढंच काम.

अशाच एका दुपारी खेळाच्या चॅनेलवर क्रिकेट आहे का ते पाहायला मी डबा फिरवला, आणि पडद्यावर माणसं नुसती बसलेली दिसली. हिरवं टेबल, भोवती नऊ-दहा जण. एकानं घरातच काळा चष्मा लावलेला, एकाच्या डोक्यावर मोठी हॅट. मला वाटलं, इंग्रजी सिनेमा असेल. पण त्यात कुणी उठेना, मारामारी होईना. प्रत्येकाला दोन पत्ते मिळायचे. टेबलाच्या कडेला बारका कॅमेरा होता, त्यामुळं माणसानं पत्त्याचा कोपरा उचलला की त्याला दिसायच्या आधी आपल्याला दिसायचा. समोर बसलेल्याला मात्र काही दिसायचं नाही. आणि या सगळ्यावर दोन माणसं बोलत होती. एकाचा आवाज संथ, दुसरा त्याला मधेच चिमटे काढणारा. मला इंग्रजी येत नव्हतं, तरी मी उभ्यानं तो पूर्ण कार्यक्रम पाहिला. एवढा वेळ एका जागी उभं राहिल्याचं माझं मलाच नवल वाटलं.

आमच्या गल्लीत वैभव नावाचा वाशिमचा पोरगा भाड्यानं राहायचा. कंपनीत त्याची पाळी पहाटेची, त्यामुळं दुपारी घरी. दुसऱ्या दिवशी तोच तक्रार घेऊन आला.

"सुदामभाऊ, काल पोकरचा एक भाग झाला, दुसरा लागायच्या आत तुम्ही मालिका लावली."

"त्याला पोकर म्हणतात होय? मग समजावून सांग," मी म्हणालो.

त्यानं माझ्या टूलबॉक्सवर पत्ते मांडून दाखवलं. हातात दोन पत्ते, मधे सगळ्यांचे मिळून पाच. आधी तीन उघडतात, मग एक, मग एक. सातातून पाच निवडायचे, ज्याचे भारी तो जिंकला. पण हातात काही नसतानाही एखादा पुढ्यातला सगळा पैसा सरकवतो, त्याला ऑल इन म्हणतात, आणि समोरचा घाबरून पत्ते टाकून देतो. "म्हणजे आपली तीन पत्तीच," मी म्हणालो. वैभव म्हणाला, "तीन पत्तीत तुम्हाला आतलं दिसतं का?"

ते खरं होतं. सगळी गंमत आतलं दिसण्यात होती.

आता दत्तूनानांबद्दल सांगतो. ते आमच्या भावकीतले, मला चुलते लागायचे. शेती थोडी होती, पण पंचक्रोशीत त्यांना शेतीसाठी कुणी ओळखत नव्हतं. मावळ-मुळशीतल्या यात्रांत कुस्त्यांचा फड लागला की माईकवर नाना. पौडपासून पुढं कुठल्याही गावी जा, त्यांच्या आवाजाशिवाय गदा उचलली जायची नाही. हलगी तापलेली, धुरळा उडालेला, आणि त्यावर नानांचा आवाज. पैलवानाचं नाव घ्यायचे तेव्हा त्याच्या आईला घरात ऐकू गेलं पाहिजे असं घ्यायचे.

त्याच सुमारास त्यांच्या घशात गाठ निघाली. पुण्यात ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण डॉक्टरांनी ताकीद दिली, आता ओरडायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानं जास्त ताण येतो. मवाळ बोला, थोडं बोला. नाना घरी आले आणि थोडंही बोलेनासे झाले. घरचं काही लागलं तर काकूंना खुणा करायचे. त्यांच्या शेताच्या तुकड्यावर खोल्या झाल्या होत्या, त्यामुळं तिकडं जाऊन करण्यासारखंही काही उरलं नव्हतं. दिवसभर गावातून फिरायचे. ओढ्यापर्यंत जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. काकू एकदा मला म्हणाल्या, "सुदाम, त्यास्नी तुज्याकडं बसवून घे रं. घरात त्यांचं चालणं मला बघवत न्हाई."

म्हणून नाना दुपारचे कंट्रोल रूममध्ये यायला लागले. स्टुलावर बसायचे, उठायचे, छत्र्या बघून यायचे, परत बसायचे. मी पोकर लावला की तोंड वाकडं करायचे. बऱ्याच दिवसांनी एकदा बोलले, खरखरीत, अगदी बारीक आवाजात.

"ही दोघं काय बोलत्यात इतकं? खेळणारं तर हलतबी न्हाईत."

"कोण काय विचार करतोय ते सांगतात," वैभव म्हणाला.

नाना स्टूल पुढं ओढून बसले. त्यांना भाषा कळत नव्हती, पण आवाज कळत होता. पत्ता उघडायच्या आधी तो संथ आवाजवाला कसा थांबतो, चिमटेवाला हसवतो आणि मग एकदम गप्प कसा होतो, हे त्यांनी हेरलं. "आमच्यात हलणाऱ्याला ओरडावं लागतंय," ते म्हणाले. "हितं कुणी हलत न्हाई, तर ह्ये हळू बोलत्यात आन तरी बघणारा जागचा हलत न्हाई."

पुढं ते इंग्रजी आवाज बंद करून स्वतःच बोलायला लागले. तोही खेळ होता. हॅटवाल्याचं नाव पाटील ठेवलं, काळ्या चष्म्याचं मामा. "पाटलाच्या हातात काय न्हाई. दोन्ही पत्ते फालतू. पण बसलाय असा, जणू घरात लगीन हाय. आता मामा बघतोय त्याच्याकडं. मामा, बघू नका. मामा, टाकू नका. टाकलं." अशा आवाजात, की शेजारी बसलेल्यालाही मान वाकवावी लागे. वैभव आणि मी पोट धरून हसायचो आणि त्याच वेळी पत्ता उघडायची वाटही बघत असायचो.

माझ्याकडं गावचं म्हणून एक चॅनेल होतं. त्यावर लग्नाच्या शुभेच्छा, हरवलेल्या म्हशी, दुकानांच्या जाहिराती चालायच्या. एका दुपारी मी त्यावर पोकरचं चित्र सोडलं आणि नानांसमोर माईक ठेवला. लोकांनी आधी फोन करून विचारलं, हे काय लावलंय. आठवड्याभरात फोन यायला लागले, आज नाना किती वाजता. दुकानदार बघायचे, पापड लाटणाऱ्या बाया बघायच्या, टेम्पोवाले चहाच्या टपरीवर उभे राहून बघायचे. माईकमुळं नानांना जोर लावावा लागत नव्हता. काकू सांगायच्या, बोलून घरी आल्यावर ते जेवताना मीठ मागायला लागलेत, तोंडानं.

नानांना फक्त एका गोष्टीचा राग आला. वैभवनं सहज सांगितलं की हे सामने आधीच होऊन गेलेले असतात आणि बोलणारे नंतर खोलीत बसून बोलतात.

"म्हंजे कोण जिंकणार त्ये ठावं असतंय त्यास्नी?"

"माहीत असतं, नाना."

"आन तरी असं बोलत्यात, काय ठावं नसल्यागत?" नाना उठून दारात गेले. "ही लबाडी झाली. फडात असं कुणी करल तर लोकं माईक काढून घेतील."

दोन दिवस ते माईकवर बसले नाहीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा मामा आणि पाटील सुरू झाले, पण मनात खोच राहिली.

हे फार काळ चालणार नव्हतं. आण्णा यात्रा कमिटीचे प्रमुख, नानांचे बालपणापासूनचे दोस्त. एका दुपारी चपला न काढता आत आले.

"सुदाम, गावात जुगार तू आणलास का दत्तूनं?"

नाना म्हणाले, "आण्णा, हितं कोण खेळतंय? आमी बघतोय."

"बघणाराच उद्या बसतोय. परवा पाण्याच्या टाकीमागं पोरं बसली हुती, डोळ्याला काळे चष्मे लावून. एक मला म्हणतंय, आण्णा, ऑल इन." आण्णांनी नानांकडं तोंड केलं. "घराघरात जमिनीचा पैसा आलाय, दत्तू. त्यो आदीच एका जागी बसत न्हाई. त्याला आनखी वाट कशापायी दावायची?"

मी काहीतरी बोलायला गेलो, तर नानांनी हातानं थांबवलं. मग माईकचं बटण त्यांनी स्वतः बंद केलं.

"आण्णा बरोबर बोलतोय," ते मला म्हणाले, आणि आण्णांच्या आधी खोलीबाहेर पडले.

मी गावच्या चॅनेलवरून पोकर काढला. पुढं त्या खेळाच्या चॅनेलनंही ते कार्यक्रम बंद केले. ते दोन आवाज पुन्हा कधी कानावर पडले नाहीत. त्यांची नावं मला तेव्हाही ठाऊक नव्हती, त्यामुळं शोधणार तरी कसं? आता फोनवर पत्त्यांचे हजार खेळ दिसतात, नातू दाखवतो. मला त्यात करमत नाही. त्यात पत्ता उघडण्याआधी कुणी थांबत नाही.

नाना पुन्हा फिरायला लागले. ओढ्यापर्यंत आणि परत.

यात्रा आली. कमिटीनं बाहेरून एक तरणा निवेदक बोलावला होता, घंटेसारखा खणखणीत. आदल्या दिवशी नाना स्वतः आण्णांकडं गेले आणि शेवटची कुस्ती मला सांगू दे म्हणाले. पोकरच्या त्या प्रकारानंतर आण्णांनी नाही म्हणायला हवं होतं. ते हो म्हणाले. मी फडाच्या कडेला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर कॅमेरा लावून उभा होतो. शेवटची कुस्ती भुकूमच्या बाळूची, समोर कोल्हापूरकडचा नावाजलेला पैलवान. बाळूचे वडील आमच्या गावात दूध घालायचे, त्यांची सगळी गिऱ्हाइकं फडाला आलेली.

नानांनी माईक हातात घेतला आणि बोलायला सुरुवात केली. त्या मवाळ आवाजात, थांबत, आतलं सांगत. पण फड म्हणजे बंद खोली नव्हे. हलगी वाजत होती, लोक उभे राहिले होते. कर्ण्यातून नुसती खरखर बाहेर पडली. कुणीतरी "आवाज, आवाज" सुरू केलं आणि सगळ्यांनी धरलं. नाना थांबले. त्या तरण्या निवेदकानं अदबीनं हात पुढं केला, नानांनी त्याच्या हातात माईक दिला आणि माझ्या ट्रॉलीजवळ येऊन चाकाला टेकून उभे राहिले. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. कॅमेऱ्यात पाहत राहिलो.

आणि बाळू हरला. अर्धी कुस्ती त्याच्या ताब्यात होती, मग एकदम त्याची पकड सुटली आणि तो चितपट झाला. लोक घरी पोचायच्या आत बोलणं सुरू झालं, पोरानं कुस्ती सोडली, कुणीतरी विकत घेतला. दुसऱ्या दिवशी बाळूच्या वडिलांनी दूध घालायला येणंच बंद केलं.

मी कुस्त्यांची टेप दरवर्षी गावच्या चॅनेलवर दाखवायचो. ती जोडायला बसलो तेव्हा नाना आले. बऱ्याच दिवसांनी. बाळूची कुस्ती लावायला सांगितली. पुन्हा लाव म्हणाले. पुन्हा. मग उठून पडद्याला नाक लावून उभे राहिले.

"थांबव. डावा पंजा बघ त्याचा."

मला काही दिसेना. वैभवला दाखवलं, त्यालाही नाही. नानांनी बोट ठेवलं. कुस्तीच्या मध्यावर, पट काढताना, म्हणजे समोरच्याचे पाय ओढायला वाकताना, बाळूचा अंगठा समोरच्याच्या लंगोटात अडकून उलटा फिरला होता. तिथून पुढं त्यानं तो पंजा मिटून ठेवला होता. नुसत्या उजव्या हातावर तो तसाच लढत राहिला, आणि हात गेलाय हे समोरच्याला कळू दिलं नव्हतं.

"आतला पत्ता," वैभव पुटपुटला.

मी म्हणालो, "नाना, तुम्ही बोला ह्याच्यावर. टेपवर. इथं हलगी नाही."

"झालेल्या कुस्तीवर? ठावं असताना?" ते स्टुलावर बसले, उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले. "आरं, पण ठावं हाय म्हणूनच तर दिसलं मला," असं स्वतःशीच म्हणाले. मग कोमट पाणी मागितलं.

मी पंखा बंद केला, खिडकीला घोंगडी लावली, फॅब्रिकेशनवाल्याला वेल्डिंग थांबवायला सांगून आलो. नानांनी ती कुस्ती सांगितली. बाळू हरणार हे त्यांनी शेवटपर्यंत आवाजात येऊ दिलं नाही. त्या जागी आल्यावर थांबले, श्वास घेतला आणि म्हणाले, "आता डावा हात बघा. पंजा मिटलाय. दुखतंय त्याचं. समोरच्याला ठावं न्हाई, तुमाला न्हाई, मलाबी त्या दिवशी दिसलं न्हाई. फकस्त बाळूला ठावं हाय. आन त्यो सोडत न्हाई."

टेप लावली त्या संध्याकाळी मी नानांना कंट्रोल रूममध्ये बसवायला गेलो, तर ते बसेनात. गावातून चालायला लागले. मी मागं. प्रत्येक खोलीत, प्रत्येक दुकानात तेच लागलं होतं. एका खिडकीतला आवाज मागं पडला की पुढच्या खिडकीतला सुरू व्हायचा. नाना स्वतःच्या आवाजातून चालत होते. "पंजा मिटलाय" तिथं आलं तेव्हा आम्ही आण्णांच्या दारासमोर होतो. आतली भांडी वाजायची थांबली. कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला. आण्णा उठून दारात आले, नानांना पाहिलं, आणि बाजूला सरकून आत यायला जागा केली. नानांनी मान हलवली आणि पुढं चालत राहिले.

दोन दिवसांनी सकाळी बाळूच्या वडिलांची दुधाची किटली पुन्हा गावात फिरताना दिसली. दुपारी बाळू स्वतः आला, हाताला प्लास्टर. नानांच्या पाया पडायला वाकला, तर नानांनी त्याला खांद्याला धरून स्टुलावर बसवलं आणि मला टेप लावायला सांगितली. त्यानं स्वतःची कुस्ती तोवर पाहिलीच नव्हती. तो न हलता बघत राहिला, पाठीवर माती लागेपर्यंत.

टेप संपल्यावर बाळू म्हणाला, "नाना, पुढच्या यात्रंला त्या कोल्हापूरच्या गड्यालाच बोलवा. आण्णास्नी सांगा."

"आदी हात बरा कर," नाना म्हणाले. "आन अंगठा कुटं घालायचा ते शीक. चल, ऊठ, दावतो."

पत्र्याच्या त्या खोलीत, माझ्या वायरींच्या भेंडोळ्यांमधून वाट काढत, नाना त्याच्यासमोर पट काढायच्या पवित्र्यात वाकून उभे राहिले.